पिर्ग्याहून परत

चार जोड पायमोजे.

जळणारा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी आठच्या आत.

पंफुल्या. म्हणून बघा, तोंड भरून जातं.

सायकलचा मागचा ब्रेक कुईं करतो.

बायबलमधल्या प्रेषित पौलाचा सोबती मार्क पंफुल्यातल्या पिर्ग्याहून मागे फिरला. का, ते कुठेच लिहिलेलं नाही.

हे सगळं एकदम डोक्यात घेऊन अरुणा क्योतोतल्या विद्यापीठाच्या सायकल स्टँडवर उभी होती. वर गाईडच्या खोलीत जायचा धीर होत नव्हता. पौलाचा पहिला धर्मप्रवास हा तिच्या पीएचडीचा विषय. तिचे गाईड किताजिमा सेन्सेई एप्रिलमध्ये पुन्हा तुर्कस्तानात त्या वाटेने चालणार होते. सोबत एकच विद्यार्थी. अरुणाने अर्ज केला होता खरा, पण गेल्या खेपेला डोंगर चढायच्या आदल्या दिवशी ती पिर्ग्याहूनच परतली होती.

"मार्कनंतर तूच गं!" शेजारच्या टेबलावर बसणारा शिरीष जाता जाता ओरडला.

"गप रे. आई आजारी होती."

वर सेन्सेई चहा ओतत होते.

"अरुणा-सान, पिर्ग्याहून निघताना तुम्ही 'इत्ते किमासु' म्हणालात. जाऊन येते."

"हो."

"मी तीन दिवस थांबलो."

तिला क्षणभर काही कळेना. मग कानशिलं तापली. नगरच्या घरात उंबरठ्यावर 'जाते' म्हटलेलं चालत नसे, 'येते' म्हणायचं. जपानी शिकताना हा शब्द तिला माहेरचाच वाटला होता. पण इथला माणूस तो उच्चारतो आणि खरंच परत येतो. तिने घरी जायच्या विमानाचं तिकीट खिशात ठेवून उच्चारला होता.

"सेन्सेई, आमच्याकडे ती नुसती रीत असते. कायमचा जाणाराही येतोच म्हणतो."

"असं होय. आणि आईंची तब्येत?"

शिरीषला दिलेलं उत्तर ओठांवर होतं. तिने ते गिळलं.

"आई ठणठणीत होती. मीच घाबरले डोंगराला. सकाळी बूटच घालवेनात."

सेन्सेईंनी कप खाली ठेवला.

"मार्क का परतला यावर आम्ही अभ्यासकांनी किती कागद खर्च केले! ताप म्हणालो, घरची ओढ म्हणालो, भांडण म्हणालो. बूट कुणालाच सुचले नाहीत."

अरुणाला हसू आलं, आणि आता नकार येणार हेही तिने गृहीत धरलं.

"नवे घ्या," ते म्हणाले. "आजच. पायाला बसायला दोन महिने लागतात. आणि परत फिरायचंच झालं, तर सरळ सायोनारा म्हणा. मी पुढे निघेन."

गेल्या खेपेला तिची वाट बघता बघता सेन्सेईही तो डोंगर चढले नव्हते.