वीरसेनच्या डोक्यावरचा हंडा

आमची सून सारिका वाचताना खोटं बोलते. एरवी पोर सरळ आहे. माहेरी जाऊन सासरच्या चहाड्या करत नाही, आमटीत मीठ विसरली तर विसरले म्हणून सांगते. पण हातात पुस्तक आलं की समोर लिहिलंय ते सोडून भलतंच बोलते. आणि तेही कुणाला, तर मला. धसईचा व्यापारीसुद्धा माझ्यासमोर तांदूळ मोजताना काट्यावरचा हात काढून घेतो.

वाचनाचं हे खूळ भारनियमनामुळे सुरू झालं. दुपारी वीज जायची ती दिवेलागणीलाच यायची, तोवर टीव्ही मुका. माझा मुलगा राघो मुरबाडला कारखान्यात. घरात मी आणि सारिका, आणि आपल्या घरात वारा येत नाही अशी सबब सांगून रोज आमच्या ओटीवर येऊन बसणारी शेजारीण चिमी. पुढ्यात वालाच्या शेंगांचा ढीग. एका दुपारी बघते तर सारिकाच्या मांडीवर जाडजूड पुस्तक, वर वर्तमानपत्राचं कव्हर. शहापूरहून माहेरच्या ट्रंकेतून आलेलं. ओठ हलतायत आणि शेंगा तशाच पडल्यात.

मी म्हटलं, "एकटीच काय खातेस? आमालाही वाढ."

"आई, भुताखेतांचं आहे. काळंकुट्ट."

"मग तर मोठ्यानेच वाच."

मी दुसरीत शाळा सोडली. बसवरची पाटी वाचते, त्यापुढे माझं गाडं जात नाही. पण गोष्ट चांगली की वाईट हे कळायला डोळे लागत नाहीत, कान पुरतात. ही गोष्ट चांगली होती. वेदा नावाची एक पोर. तिच्या गावात दर आवसेला जमिनीखालची राणी एका माणसाचा आवाज काढून नेते. माणूस जगतो, पण मुका. वेदाच्या धाकट्या भावाचा आवाज गेला, तशी ही तो परत आणायला जमिनीखाली उतरली. तिथे हाडांची झाडं आणि त्यांना दातांची फुलं. आमच्या सिद्धगडच्या बाजूला सांगतात ती भुतं आळशी. झाडावर बसायचं आणि कोंबडं मागायचं. ही राणी कामाची होती. चोरलेले आवाज मडक्यांत भरून, तोंडाला फडकं बांधून, ओळीने मांडून ठेवायची. चिमीचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून, तरी जाताना म्हणायची, "धोंडीबाय, जरा दारापर्यंत ये ना गो."

राणीचा एक पहारेकरी होता, वीरसेन. त्याने वेदाला पकडायचं सोडून तिच्यावर जीव लावला. तो मात्र मला पटेना. वेदाच्या पायात काटा मोडला तर हा न सांगता खाली बसून काढायचा. तिचं डोकं दुखतंय हे तिच्या तोंडाकडे बघून ओळखायचा.

"असा बाप्या कुठे असतो गो?" मी चिमीला विचारलं.

"पुस्तकात," चिमी म्हणाली. "म्हणून तर ऐकायचं. घरचे आहेतच."

वीरसेन आला की सारिका अडखळायची. खोकायची, पाणी प्यायची, आणि पानं उलटायची ती दोन-दोन एकदम. पान उलटल्याचा आवाज मला कळतो. पण गोष्टीत रंग भरला होता, म्हणून गप्प बसले.

मग विहिरीचा भाग आला. भावाचा आवाज राणीने काळ्या विहिरीत ओतून टाकलेला. त्या पाण्याचा भरला हंडा मेलेल्यांच्या माळावरून न्यायचा. एक थेंब सांडला तरी खालचा मेलेला जागा होणार. चिमीने शेंगा बाजूला सारल्या. सारिका वाचत होती, "वेदाने आपला पदर फाडला, त्याची चुंबळ वळली आणि वीरसेनच्या डोक्यावर ठेवली. वीरसेनने गुडघे वाकवले…"

"थांब," मी म्हटलं.

आमच्याकडे होळी झाली की जवळची विहीर आटते आणि पाणी लांबून आणावं लागतं. बाप्या आणलंच तर सायकलला कॅन अडकवून आणतो. डोक्यावर हंडा घेतलेला बाप्या मी अख्ख्या तालुक्यात पाहिला नाही. आणि भरला हंडा एकटीला चढवता येत नाही. दुसरी समोर उभी लागते. एकीने गुडघे वाकवायचे, दुसरीने काठ धरून उचलायचा, दोघींनी श्वास एकदमच धरायचा. मी सारिकाला रोज हंडा देते. बोलावं लागत नाही, तिचे गुडघे कधी वाकणार ते माझ्या हाताला आधीच कळतं.

"सारिके, हा वीरसेन हंडा डोक्यावर घेतो?"

"घेतो… राणीकडची रीत असेल, आई."

"आणि गुडघे कधी वाकवायचे ते त्याला कोणी शिकवलं? आपल्या राघोला दे बरं हंडा डोक्यावर. पाणी अंगावर आणि हंडा पायावर!"

चिमी खो-खो हसली. सारिका हसली नाही.

"ही बाई आहे," मी म्हटलं. "खरं सांग."

तिने पुस्तक मिटलं. बोट मात्र पानात तसंच. "उद्या आदेश येणारे शहापूरहून, त्याच्याकडे परत पाठवते. घरात नको हे."

आदेश म्हणजे तिचा भाऊ. "मी पाठव म्हटलं? मी विचारतेय काय, तू सांगतेस काय!"

तेव्हा ती खाली मान घालून म्हणाली, "दोघी बायकांचंच आहे, आई. वीरसेन नायच, तिचं नाव सावरी. आणि त्या मैत्रिणी नायत. नवराबायकोचं असतं ना, तसं आहे. लग्नाआधीपासून किती वेळा वाचलंय मी. भीतीपण वाटते आणि बरंपण वाटतं. दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मला असं होत नाय. ह्यांनाही दाखवलं नाय. तुमी चुलीत घातलंत तर मला परत कुठे मिळणार?"

कव्हर कशाला घातलं होतं ते मला तेव्हा कळलं.

"अगो बाय, दोघी बायका!" चिमीने गालावर हात ठेवला. "असं असतं का गो कुठे?"

"हाडांच्या झाडाला दातांची फुलं आली तेव्हा नाय विचारलंस, असतं का म्हणून," मी म्हटलं. "सारिके, उघड ते. हंड्याचं पान. लिहिलंय तसं वाच."

तिने बोट होतं तिथे पुस्तक उघडलं. मी शेंगा सोलत राहिले. मग तिने वाचलं. आधी हळू, मग नेहमीच्या आवाजात. सावरीने गुडघे वाकवले, वेदाने हंडा चढवला, आणि काठावरचे हात तिने काढलेच नाहीत. सावरी म्हणाली, "आता मला मान वाकवता येत नाही. तूच वर ये." वेदा चवड्यांवर उभी राहिली आणि तिने सावरीच्या ओठांवर ओठ ठेवले. हंडा हलला. एक थेंब सांडला. मातीतून एक हात वर आला.

"मेल्या थेंबा, आत्ताच सांडायचं होतं तुला!" चिमी ओरडली.

सारिकाला हसू फुटलं आणि तिने पदराने डोळे पुसले. माझ्या डोक्यात मागचा काटा, मागची डोकेदुखी, सगळं आपापल्या जागी बसत गेलं. वीरसेन मला कधीच पटला नव्हता. ही सावरी चटकन पटली.

"धोंडीबाय, गावात कळलं तर?" चिमीने विचारलं.

"कळलं तर तुझ्याच तोंडून कळेल. मग उद्यापासून तुझ्या ओटीवर बस, वारा नसलेल्या."

चिमीने गुपचूप शेंगा ठेवलेलं सूप पुढ्यात ओढलं. सारिका पुस्तक छातीशी धरून बसलेली, मी काय म्हणते त्याची वाट बघत.

मी हात झाडले आणि तिला म्हटलं, "पुस्तक कुठे जायचं नाय आणि चुलीतही नाय. तुझं वाचन चांगलं, पण तू मला भित्री समजलीस, हे काय मला आवडलं नाय. त्या सावरीने इतकी वाट तुडवली आणि तू तिला मिशा लावून बसवलीस. आता पहिल्या पानापासून परत वाच, आणि तिचं लुगडं तिला दे."