टाकीमागच्या सहा पाट्या

मी वनखात्यात कारकून आहे आणि घरजावई आहे. दोन्ही ठिकाणी मला कोणी विचारत नाही, आणि दोन्ही ठिकाणी काही बिघडलं की पहिली हाक मलाच येते.

सासूबाईंचं घर वस्तीच्या अगदी टोकाला. मागे कुंपण आणि कुंपणापलीकडे सरकारी जंगल. सासूबाई कपडे शिवतात. मागच्या पडवीत मशीन आणि गळ्यात कायम मोजपट्टी. पाचोळ्याचा त्यांना मनस्वी तिटकारा. त्यामुळे मागची भिंत ते कुंपण हा चार मीटरचा पट्टा त्या रोज खराट्याने असा लख्ख करतात की मुंगीलासुद्धा तिथून जायला संकोच वाटावा.

आता आमच्या खात्याचं सांगतो. उन्हाळ्याआधी जंगलाच्या कडेने बारा मीटर रुंदीचा पट्टा काढायचा, गवत नाही, पाचोळा नाही, नुसती माती. वणवा आला की तिथे त्याला खायला काही मिळत नाही आणि तो थांबतो. याला जाळरेषा म्हणतात. आमच्या रेंजर साहेबांकडे अशा सहा रेषा होत्या, चार नंबरपासून नऊ नंबरपर्यंत. त्यातली चौथी आमच्या कुंपणाला लागून. म्हणजे कागदावर लागून. प्रत्यक्षात तिथे कमरेइतकं वाळलेलं गवत होतं.

रेषा काढल्याचा पुरावा म्हणून दरवर्षी फोटो जोडावे लागतात. सात वर्षांपूर्वी रेंजर साहेब आमच्याकडे पाणी प्यायला थांबले, त्यांनी मागचं अंगण पाहिलं आणि त्यांचे डोळे लकाकले. उकिडवं बसून, कॅमेरा जमिनीला टेकवून फोटो काढला की चार मीटर बारासारखे दिसतात. मग 'जाळरेषा क्र. ४' ही पाटी रोवून एक फोटो, ती उपटून 'क्र. ५' रोवून दुसरा, असं करत नऊपर्यंत. पाट्या रोवायला मी, फोटो चिकटवायला मी, खाली 'काम पूर्ण' लिहायलाही मीच. ज्या छपराखाली मी झोपतो, त्याच्या मागची रेषा झाली असं मी सात वेळा लिहून दिलं आणि सातही वेळा घरी येऊन गाढ झोपलो. खात्याने मूर्खपणासाठी बढती ठेवली असती तर मी एव्हाना मुख्यालयात असतो.

सासूबाई दरवर्षी अर्ज करायच्या. 'माझ्या घरामागची जाळरेषा काढून मिळावी.' अर्ज मीच नोंदवून घ्यायचो आणि उत्तरही मीच टाइप करायचो: 'काम पूर्ण झाले आहे, छायाचित्र सोबत जोडले आहे.' यंदा मात्र त्यांनी ते छायाचित्र खिडकीशी नेऊन नीट पाहिलं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "या कोपऱ्यात काय आहे?"

"कुठे? काही नाही."

"हा माझा खराटा आहे. मूठ मोडली म्हणून मी त्याला निळ्या चिंधीने बांधलंय. चिंधी शेजारणीच्या पडद्याची."

मी चहाच्या कपात तोंड खुपसलं. बायको बघत होती. तिने फक्त माझी पोळी ताटातून उचलली आणि परत डब्यात ठेवली.

सासूबाई ओरडल्या नाहीत, हेच वाईट. शांतपणे म्हणाल्या, "पाऊस यंदा लवकर गेलाय. डोंगरापलीकडे दोनदा धूर दिसला. घर गेलं तर मशीन जाईल, मशीन गेलं तर मी गेले. या वयात दुसऱ्याच्या दारात बसून मी बटणं लावायची नाही. तुमच्या साहेबांना सांगा, रेषा काढा."

मी सांगितलं. रेंजर साहेब म्हणाले, "आधी तपासणी पार पडू दे." कारण यंदा वरून एक साहेब सहाही रेषा डोळ्यांनी बघायला येणार होते. सात वर्षांत कोणी आलं नव्हतं. रेंजर साहेबांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांना युक्ती सुचली आणि ते दोन माणसांचं जेवले.

युक्ती अशी. आमच्या घराला तीन बाजूंनी रस्ते येतात: एक वस्तीतून, एक विहिरीकडून, एक जंगलाला वळसा घालून. तपासणी साहेबांना गाडीतून डोंगराभोवती फिरवायचं आणि दर वेळी वेगळ्या रस्त्याने त्याच अंगणात आणायचं. मी मागे पाण्याच्या टाकीआड पाट्या घेऊन दबा धरून बसायचं आणि गाडी गेली की पाटी बदलायची. इकडे कचेरीत बारा वनमजूर दोन दिवसांपासून आवारातल्या दगडांना चुना लावत होते, कारण तपासणी होती.

"तुमच्या सासूबाई?" रेंजर साहेबांनी विचारलं.

"त्यांना मी सांभाळतो," मी म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात पुन्हा उच्चारणार नाही.

घरी मी हात जोडले. "आई, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे. तुम्ही फक्त गप्प राहा."

"मी कशाला बोलू?" त्या म्हणाल्या. इतक्या सहज म्हणाल्या की मला तेव्हाच घाम फुटायला हवा होता.

सकाळी दहाला गाडी आली. तपासणी साहेब गोल, घामेजलेले, जाड भिंगांच्या चष्म्याचे. त्यांनी अंगण पाहिलं, 'क्र. ४' ची पाटी पाहिली, मान डोलावली. कुंपणापलीकडचं गवत त्यांना दिसू नये म्हणून रेंजर साहेब अंग पसरून मध्ये उभे होते. एवढ्यात सासूबाई पुढे झाल्या.

"साहेब, शर्टाचं बटण लोंबतंय. असे हिंडणार का? बसा, दोन टाके घालते."

साहेब पडवीत बसले. मान खाली घालून बघायला लागले तशी चष्म्याची काडी सुईच्या आड यायला लागली. सासूबाईंनी चष्मा अलगद काढून मशीनवर ठेवला, बटण लावलं, दाताने दोरा तोडला आणि जाता जाता चष्म्यावर एक अर्धवट शिवलेली बाही पसरली. मी टाकीमागून हे सगळं पाहिलं. ओरडलो असतो तर मीच सापडलो असतो. चहा झाला, फाइलची पानं उलटली गेली, साहेब गाडीत बसले आणि गाडी गेली.

"आई, चष्मा!"

"पाटी बदला तुम्ही," त्या म्हणाल्या. "पाच नंबर ना आता?"

अर्ध्या तासाने विहिरीच्या रस्त्याने गाडी परत आली. साहेब डोळे किलकिले करत उतरले. "चष्मा गाडीतच पडला असणार," ते म्हणत होते. "ही पाचवी का? माती अगदी चौथ्या रेषेसारखीच दिसते."

"एकाच जंगलाची माती, साहेब," रेंजर साहेब म्हणाले. त्यांना आता रंग चढला होता. चष्मा हरवणं म्हणजे त्यांना देवच पावला होता. "पण इथलं काम जरा जास्त नेटकं झालंय."

"खरंच. ही रुंदही वाटते."

पडवीत मशीन चालूच होतं. सासूबाईंनी मान वर केली नाही. गाडी गेल्यावर त्यांनी मला सहावी पाटी स्वतःच काढून दिली.

तिसऱ्या वेळी गाडी जंगलाच्या बाजूने आली. रेंजर साहेब उतरता उतरताच म्हणाले, "साहेब, सात, आठ, नऊ अगदी अशाच आहेत. ऊन फार झालंय. इथेच सह्या करून टाकू." साहेबांनी फाइल बॉनेटवर ठेवली आणि पेन उघडलं.

तेव्हा सासूबाई उठल्या. पायऱ्या उतरल्या. पदराने पुसून चष्मा पुढे धरला.

"साहेब, तुमचा चष्मा. सहाव्या रेषेवर सापडला."

साहेबांनी चष्मा लावला. आधी सासूबाईंकडे पाहिलं, मग शर्टाच्या बटणाकडे, मग पडवी, मशीन, चहाचा स्वतःचा कप, आणि शेवटी टाकीमागून डोकावणाऱ्या माझ्याकडे. माझ्या काखेत सात, आठ आणि नऊच्या पाट्या होत्या. मी नमस्कार केला, कारण दुसरं काही सुचलं नाही.

रेंजर साहेबांचा चेहरा कचेरीतल्या दगडांसारखा पांढराफटक पडला.

मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण तपासणी साहेबांनी काय केलं? चष्मा काढला. खिशात ठेवला. आणि ओळीने सहा सह्या ठोकल्या. मागची सात वर्षं याच कागदांवर त्यांचीच सही होती, मुख्यालयात बसून केलेली. ती आता खोटी पाडायची म्हणजे स्वतःचाच पाय खड्ड्यात.

"सगळं समाधानकारक आहे," ते म्हणाले.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांना राग आला होता. एरवी त्या रागावल्या की भांडी वाजतात, आता काहीच वाजलं नाही. त्यांनी रोजचा झाडलेला पाचोळा, पोतंभर, अंगणाच्या मधोमध ओतला. कनवटीची काडेपेटी काढली.

"अहो, हे काय?" साहेब म्हणाले.

"कचरा जाळते. वर्षभर भीती वाटायची म्हणून पुरत होते. आता बारा मीटरची रेषा आहे, तुमची सही आहे. ठिणगी उडाली तरी जाणार कुठे?"

वारा जंगलाकडेच होता. कुंपणापलीकडचं गवत कुरकुरत होतं. सासूबाईंनी काडी काढून पेटीला लावली, आणि साहेब त्या वजनाच्या मानाने फारच चपळाईने धावले.

"नको! नको! बाई, थांबा!"

"का साहेब? सही वाळायची आहे का अजून?"

"अहो, गवत आहे तिथे!"

"कुठे?"

"त्या कुंपणापलीकडे! एवढं मोठं!"

"मग रेषा?"

साहेबांनी रेंजर साहेबांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते आणि मी टाकीकडे. त्या अंगणात खरं बोलायला कोणी मोकळं उरलं नव्हतं. शेवटी साहेबच म्हणाले, अगदी हळू, "नाही. रेषा नाही."

"एकदाच आला असतात तर म्हणाला असतात, चुकून झालं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणून तुम्हाला तीनदा येऊ दिलं."

मग चक्रं फिरली. चुना लावणारे बारा वनमजूर तासाभरात विळे, फावडी घेऊन हजर. साहेबांनी चौथ्या रेषेवरची सही खोडली. रेंजर साहेबांच्या हाती विळा आला, माझ्या हाती चिंधीवाला खराटा. सासूबाईंची मोजपट्टी दीड मीटरची, बारा मीटरला ती आठ वेळा टाकावी लागते. त्या दर दहा पावलांवर आठ वेळा टाकायच्या आणि म्हणायच्या, "चार बोटं कमी आहे." दोन दिवस लागले. मजुरांमधली एक म्हातारी हसत माझ्याजवळून जायची आणि म्हणायची, "बाबू, लेखणीला असे फोड येत नाहीत ना?"

तिसऱ्या दिवशी मी तपासणी साहेबांना विचारलं, "साहेब, बाकीच्या पाच?"

"प्रक्रिया सुरू करा," ते म्हणाले आणि गेले. त्या पाच सह्या तशाच राहिल्या. मी फाइल कपाटात ठेवली. चौथी झाली होती, आमचं घर चौथीवर होतं. मी त्या रात्रीही गाढ झोपलो, हे सांगायला मला लाज वाटते.

त्यानंतर नवव्या दिवशी दुपारी वणवा उतरला. आमच्या मागे येऊन तो रेषेवर अडला, थोडा वेळ धुमसला आणि बसला. सासूबाई ओलं पोतं घेऊन उभ्या होत्या, ते वापरावंच लागलं नाही. आम्ही हसलो, चहा केला. मग डोंगराच्या दुसऱ्या अंगाने धूर वर आला.

कागदावरच्या आठव्या रेषेला लागून वनमजुरांची वस्ती होती. माणसं कामावर होती म्हणून वाचली. अकरा झोपड्या गेल्या. आमची रेषा काढणाऱ्या बाराही जणांचं बिऱ्हाड त्यांतच होतं.

चौकशीला वरून एक बाई आल्या. आदल्या दिवशी रेंजर साहेबांनी मला उत्तर टाइप करायला दिलं: 'वाऱ्याच्या वेगामुळे ज्वाळा जाळरेषा ओलांडून गेल्या.' मी टाइप केलं. घरी आलो तर सासूबाई शिवत होत्या. लहान मापाचे झगे, चड्ड्या, एक मोठं पोलकं. त्या म्हातारीचं माप त्यांना तोंडपाठ झालं होतं.

"काय लिहिलंत?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. मशीन थांबलं नाही.

"आग ओलांडून गेली म्हणता," त्या म्हणाल्या. "ओलांडायला तिथे काहीतरी असावं लागतं, जावईबापू."

एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

सकाळी मी टाकीमागे गेलो. चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं, एका टोकाला रेंजर साहेब, दुसऱ्याला तपासणी साहेब चष्मा लावून. बाईंनी माझं टाइप केलेलं उत्तर दोनदा वाचलं आणि विचारलं, "पाच ते नऊ या रेषांवर त्या दिवशी प्रत्यक्ष स्थिती काय होती?"

प्रश्न रेंजर साहेबांना होता. मीच उठलो. काखेतलं पोतं टेबलावर ठेवलं आणि पाच पाट्या एकेक करून बाहेर काढल्या. पाच, सहा, सात, आठ, नऊ. एकीलाही आच लागलेली नव्हती, रंग अजून चकचकीत होता.

"या बघा, बाई," मी म्हणालो. "सगळ्या सुखरूप आहेत. आग लागली तेव्हा आमच्या टाकीमागे होत्या. सात वर्षं मीच ठेवतोय."