दोन नावांचा तांब्या

मी तांब्या बोलतोय. हसू नका. अंग पितळेचं आणि नाव तांब्या, हा माणसांचा कारभार आहे, त्यात माझा काय दोष? माणसं नाव देताना फारसा विचार करत नाहीत आणि पुसताना तर मुळीच करत नाहीत. माझी सगळी रडकथा एवढीच आहे, पण पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म नगरच्या बाजारातला. दीडशे वर्षं होऊन गेली. जामखेडच्या पलीकडच्या एका वाडीतला, पलटणीतून घरी परतलेला एक शिपाई तांबटाकडे आला आणि म्हणाला, "एका मापाचे दोन तांबे द्या." तो महारवाड्यातला होता. अंगात पलटणीचा कोट होता म्हणून तांबटानं जात विचारली नाही. विचारली असती तर मी कुठल्या घरी गेलो असतो, कोण जाणे.

शिपायाला दोन मुलं होती. थोरला गोंदा, धाकटा येसू. पुढं वाटणीवरून भांडायला नको म्हणून त्यानं दोन्ही तांब्यांवर दोघांची नावं घालून घेतली. तांबटानं बारीक छिन्नी घेतली आणि ठिपक्याशेजारी ठिपका ठोकत अक्षरं काढली. लई दुखलं, खोटं कशाला बोलू! माझ्यावर आधी गोंदा, मग येसू. माझ्या जुळ्या भावावर आधी येसू, मग गोंदा. दोघं भाऊ आम्हाला एकमेकांवर आपटून वाजवायचे आणि आईच्या शिव्या खायचे.

मग तो मोठा दुष्काळ पडला. समुद्रापलीकडच्या ऊसमळ्यांवर न्यायला मुकादम वाड्यावस्त्यांवरून माणसं गोळा करत होता. गोंदानं त्याला अंगठा दिला. पण निघायच्या दिवशी त्याचा धीर सुटला आणि तो डोंगरातल्या कपारीत जाऊन लपला. घरात बायको, दोन कच्चीबच्ची आणि दारात मुकादम ठाण मांडून बसलेला. दुपार झाली. शेवटी येसू उठला. वीस वर्षांचा होता. त्यानं आपला तांब्या घेतला आणि वहिनीला म्हणाला, "दादाच्या जागी मी जातो. त्याला म्हणावं, तुझा तांब्या नीट ठेव. मी आलो की दोन्ही शेजारी मांडू."

गोंदा तिसऱ्या दिवशी डोंगरातून खाली उतरला. येसू परत आला नाही.

गोंदा पुढं पुष्कळ जगला, पण मला तोंड लावून कधी पाणी प्यायला नाही. मरताना त्यानं नातवाला जवळ बोलावलं. "येसूच्या लेकराबाळांना हुडका. माझ्या नावानं त्यांच्या पाया पडा. त्यांनी माफ केलं तरच मी सुटलो." नातू तेव्हा दहा वर्षांचा होता. तो म्हातारा झाला तेव्हा त्यानं हेच आपल्या सुनेला सांगितलं. ती सून म्हणजे भीमाबाई.

भीमाबाई या घरात आली आणि वर्षभरात सगळ्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला. घरोघरचे देव पाटीत भरून लोक सीना नदीत सोडायला निघाले. कुणीतरी मलाही पूजेचा समजून पाटीत टाकलं. सतरा-अठरा वर्षांची ती पोर, डोईवरचा पदर सावरत सगळ्यांसमोर पुढं आली आणि मला उचलून म्हणाली, "ह्यो देव न्हाई. ह्यो मानूस हाय. ह्याच्यावर दोन मान्सांची नावं हायेत." तिला वाचता येत नव्हतं. रात्रशाळेत शिकलेल्या नवऱ्यानं तिचं बोट धरून ठिपक्यांवरून फिरवलं होतं, तेवढंच. तेव्हापासून मला घासताना ती चिंच लावायची, राख लावायची, पण नावावर हात आला की बोटानं हळूच चोळायची.

तिचा मुलगा रंभाजी. त्याचं बालपण श्रीगोंद्याच्या उसाच्या फडात गेलं. पाचटाच्या कोपीच्या तोंडाशी मी पाणी भरून उभा असायचो आणि आईबाप कोयते चालवायचे. पुढं तोही ऊसतोड करत राहिला, पण मुलीला, रश्मीला, त्यानं फड दाखवला नाही. शिकवली. ती आता नगरच्या कॉलेजात शिकवते. आणि येसूचा माग काढला तो तिनंच.

दोन वर्षं ती पोरगी मोबाईल आणि कॉम्प्युटरला चिकटून होती. मॉरिशसच्या जुन्या नोंदींत जामखेडकडचे तीन येसू निघाले. त्यातला आपला कोणता? मग तिथल्या मराठी माणसांच्या एका ग्रुपवर चेतन नावाच्या तरुणानं लिहिलं, 'आमच्या आजीकडे एक तांब्या आहे. त्यावर येसू आणि गोंदा अशी नावं आहेत.' ते वाचून रश्मी जागेवरच रडायला लागली. माझ्या पितळी अंगातही काहीतरी हललं म्हणा ना. माझा भाऊ जिवंत होता!

चेतनची आजी म्हणजे सत्यशीला, येसूची पणती. तिची दृष्टी गेलेली. रश्मीनं माझा फोटो पाठवला, पण दीडशे वर्षांच्या काळवंडलेल्या अंगावर ते बारीक ठिपके फोटोत उमटेनात. चेतननं कळवलं, 'अक्षरं दिसत नाहीत, जरा साफ करता येईल का? आणि आजी म्हणते, फोटो नको, तांब्याच घेऊन या. ती लहानपणी आमच्या तांब्यावरच्या अशाच ठिपक्यांवर बोट फिरवून अक्षरं शिकली. तिच्या बोटांना कळेल.' त्यानं हेही मोकळेपणानं सांगितलं की मागं एक जण असाच नातेवाईक म्हणवून आला होता. आजीच्या गळ्यात पडून रडला, आठ दिवस राहिला आणि नंतर सगळं खोटं निघालं. तेव्हापासून आजी बोलण्यावर विश्वास ठेवत नाही.

या सगळ्यातलं रंभाजीच्या डोक्यात एकच बसलं. साफ करा.

आपल्याकडच्या माणसाची ही खोड मी पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलोय. पाहुण्यांकडे जायचं तर भांडं लखलखीत पाहिजे, आणि भेट द्यायची तर त्यावर नाव पाहिजे. इथं तर परदेशातले पाहुणे! निघायच्या चार दिवस आधी रंभाजीनं मला पिशवीत घातलं आणि नगरच्या एका भांड्याच्या दुकानात आणलं. "आरशागत झाला पायजे," म्हणाला आणि चहा प्यायला गेला.

दुकानदारानं मला फिरत्या चाकावर धरलं. दीडशे वर्षं चिंचेनं आणि राखेनं जे पुसलं गेलं नव्हतं, ते त्या चाकानं पाच मिनिटांत पुसलं. मी ओरडलो असेन, पण मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

रंभाजी आला. त्यानं मला हातात घेऊन फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"नाव कुठंय?"

"कुठलं नाव? बारीक खड्डे होते जुने. घालवले सगळे."

रंभाजी नखानं माझं अंग खरवडून नाव शोधू लागला. दुकानदार मनाचा वाईट नव्हता. "अहो काका, नावच पाहिजे ना? आता घालून देतो." त्यानं विजेचं पेन घेतलं आणि रंभाजीनं सांगितलेली दोन्ही नावं झरझर लिहिली. शिवाय सवयीनं पुढं 'सप्रेम भेट' असंही लिहून मोकळा झाला.

रंभाजीनं हे कुणाला सांगितलं नाही. मला फडक्यात बांधलं, गाठ मारली आणि रश्मीला बजावलं, "तिथं पोचूस्तवर सोडायचं न्हाई." आम्ही निघताना भीमाबाईनं बोचकं छातीशी धरलं. नव्वदीकडे झुकलेली म्हातारी, डोळ्यांत मोतीबिंदू. म्हणाली, "रंभा, आधी पाया पड, मग बोल. माफी घेऊनच ये."

विमानानं मॉरिशस गाठलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. रंभाजी खिडकीबाहेर बघत म्हणाला, "आयला, ह्ये तर आपलं श्रीगोंदाच हाय. येसूबाबा हिकडं तोडत हुता आन आमी तिकडं." बापलेक पहिल्यांदाच हसले. शेवटचंच हसले म्हणा.

सत्यशीला ओसरीवर खुर्चीत बसली होती. रंभाजी तिच्या पायाशी वाकला. "आत्याबाई, जय भीम. मी गोंदाचा." तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग चेतननं काचेच्या कपाटातून माझ्या भावाला आणलं आणि टेबलावर ठेवलं. काळवंडलेला, पोट जरा चेपलेलं, पण अंगावर दोन्ही नावं जशीच्या तशी. रश्मीनं माझी गाठ सोडली. मला बघून तिचा चेहरा पडला. ती बापाकडे बघत राहिली. बाप जमिनीकडे.

म्हातारीनं मला मांडीवर घेतलं. बोटं फिरवली. कुठंच ठिपका नाही. मग ती त्या नव्या अक्षरांवर येऊन थांबली.

"हे नवं आहे. हाताला टोचतं आहे," ती सावकाश म्हणाली. "आणि पुढं काय लिहिलं आहे?"

चेतननं वाचलं. "सप्रेम भेट."

रंभाजीनं हात जोडले आणि सगळं सांगितलं. दुकान, चाक, विजेचं पेन. गोंदा डोंगरात लपला तेही सांगितलं. खरं सांगत होता बिचारा, पण मलाच ऐकताना वाटलं, हे किती खोटं वाटतंय!

"आत्याबाई, देवाशप्पत..." बोलून गेला आणि स्वतःच गोंधळला. "बाबासाहेबांची शप्पत, ह्यो त्योच तांब्या हाय."

"मागचा माणूसही शपथ घेत होता. गोंदा लपला, हेही त्याला ठाऊक होतं. मीच पूर्वी चारचौघांत सांगितलं होतं," सत्यशीला म्हणाली. मला टेबलावर ठेवताना मी माझ्या भावाला लागलो. टण्ण! दोघांतून एकच सूर निघाला. म्हातारीचा हात थबकला. तिनं मान वळवली, कान दिला.

मी जीव तोडून वाजत राहिलो. पण पितळ किती वेळ वाजणार?

"सगळी पितळी भांडी अशीच वाजतात, आजी," चेतन हळू आवाजात म्हणाला. तिनं हात काढून घेतला.

रश्मी म्हणाली, "रक्त तपासून बघू या. कळतं आता." चेतननं मान हलवली. "मागच्या वेळी आजी महिनाभर जेवली नव्हती. पुन्हा तिला यात ओढायचं नाही. माफ करा."

रंभाजी पुन्हा म्हातारीच्या पायाशी बसला. "मानू नका नातं. पर माफी तरी द्या. माझी आई वाट बघतीया."

"येसू आजोबांनी जाताना दादाच्या माणसांसाठी एक निरोप ठेवला आहे," ती म्हणाली. "माझ्या वडिलांनी तो फक्त मला सांगितला. ज्यांचा आहे त्यांनाच मी देणार. तुम्ही भले असाल, पण परक्याला तो कसा देऊ? आणि मला आत्या म्हणू नका. जिवाला लागतं."

आम्हाला चहा दिला, खायला दिलं, गाडीनं सोडलं. काही कमी केलं नाही त्यांनी. माझा भाऊ परत कपाटात गेला आणि काच बंद झाली.

रंभाजी घरी पोचला तेव्हा भीमाबाई दारातच बसली होती. "भेटली का? पाया पडलास? माफी दिली का?"

रंभाजीनं तिच्याकडे पाहिलं. "दिली, आई."

म्हातारीनं दोन्ही हात कपाळाला लावले आणि मोठ्यांदा रडली. मग माझ्यासाठी हात पुढं केला. नेहमीच्या जागी बोट फिरवलं आणि दचकली.

"ह्यो आपला तांब्या न्हाई. आपलं नाव असं टोचत न्हाई." आणि एकदम तिचा चेहरा उजळला. "आपला तिकडंच ठिवला व्हय? भावाशेजारी? आन ह्यो त्यांनी दिला?"

रंभाजी चपला काढायला वळला. रश्मीच म्हणाली, "हो आजी. बघ, सप्रेम भेट लिहिलंय."

गेल्या महिन्यात चेतनचा मेसेज आला. सत्यशीला गेली. निरोप तिनं कुणालाच सांगितला नव्हता. रंभाजीनं तो मेसेज वाचला, मोबाईल उलटा ठेवला आणि दिवसभर गोठ्यामागं बसून राहिला. गोंदासारखाच लपून.

आता मी फळीवर असतो. पाहुण्यांनी दिलेलं भांडं म्हणून माझ्यात कुणी पाणी भरत नाही. रंभाजी माझ्याकडे बघत नाही. तुमच्या घरी एखादं जुनं भांडं असेल आणि त्यावर कुणाचं नाव असेल, तर एवढं ऐका बाबांनो, त्याला चकाचक करू नका. काळं राहू द्या. माझं जे व्हायचं ते झालं.

रोज संध्याकाळी भीमाबाई चाचपडत फळीपाशी येते, मला खाली घेते आणि पाहुण्याला विचारावं तसं विचारते, "काय रं, आमचा तांब्या बरा हाय ना तिकडं?"

तिच्या हातात असतो मी तेव्हा.