सुराखालची सळसळ

डेल्फिया स्टिडमनं नवऱ्याचं फिडल, त्याचं जुनं व्हायोलिन, लॉरेल गॅप गावच्या संगीत संग्रहालयाला दिलं ते एका अटीवर. दर वर्षी कॉर्बिटच्या वाढदिवसाला ते कपाटातून काढायचं आणि मागच्या हॉलमध्ये वाजवायचं. नुसतं काचेआड ठेवून तिला काय उपयोग? तिची नजर केव्हाच गेली होती. कॉर्बिट गेल्यावर त्याचा म्हणून तिच्यापाशी एवढा आवाजच उरला होता.

पहिल्याच वाढदिवसाला अख्खं गाव लोटलं. संग्रहालय सांभाळणाऱ्या आर्विलनं तिला हाताला धरून पुढच्या बाकावर बसवलं. आर्विल जन्माचा बँजोवाला, तोंडाला कुलूप म्हणून नाही.

"मावशी, फिडल असं लख्ख केलंय, कॉर्बिटकाकांनीसुद्धा ओळखलं नसतं!"

"मग कशाला केलंस?" डेल्फिया म्हणाली.

वाजवायला रोझेटा उभी राहिली. शाळेची बस चालवणारी, कॉर्बिटच्या हाताखाली शिकलेली. तिनं गज ओढला आणि बाकाबाकांवरून पाय ठेका धरू लागले. डेल्फियानं मात्र मान पुढे काढली. चाल तीच, हात तयार. पण जन्मभर तिच्या स्वयंपाकघराच्या दारात वाजलं ते हे नव्हे. आता आवाजही गेला की काय?

"थांब गं! हे कॉर्बिटचं फिडल नाही."

"तेच आहे हो मावशी," आर्विलचा आवाज चिरकला. "किल्ली माझ्याच गळ्यात असते."

"मग हलवून बघ. खुळखुळतंय?"

रोझेटानं हलवून पाहिलं. काही नाही.

"आर्विल, साफ कसं केलंस?"

"व्हॅक्यूम लावला. पोटात कसला तरी वाळका कचरा होता..."

"घ्या! द्या बँजोवाल्याच्या हाती फिडल!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला.

कचरा म्हणे! खुळखुळ्या सापाची, रॅटलस्नेकची, वाळकी शेपटी होती ती. लग्न झालं त्या उन्हाळ्यात डेल्फिया ब्लॅकबेरी तोडत होती, तेव्हा तिच्या पायाशी साप खुळखुळला. ती जागीच थिजली आणि कॉर्बिटनं बंदूक उचलून त्याला टिपलं. फिडलच्या पोटात शेपटी टाकायची या डोंगरातली जुनीच रीत. कोळी शिरत नाहीत म्हणतात. पण कॉर्बिटनं गज फिरवला की सुराखाली ती बारीक सळसळायची.

"मावशी, चुकलो मी. तो कचरा केव्हाच फेकला," आर्विल रडकुंडीला आला. डेल्फियानं त्याला चार शिव्या हासडायला तोंड उघडलं.

तेवढ्यात स्टेजवर दुसऱ्या एका फिडलची पेटी उघडल्याचा आवाज आला. मग काहीतरी खुळखुळलं.

"हे माझ्या फिडलमधलं," रोझेटा म्हणाली. "मी नवीन शिकत होते तेव्हा काकांनी त्या शेपटीचे दोन तुकडे केले. म्हणाले, 'चावण्याआधी सापानं खुळखुळून सांगितलं, म्हणून माझी बायको वाचली. एवढा मोठा उपकार एकट्यानं ठेवू नये.'"

जन्मभराच्या संसारात हे तो डेल्फियाशी कधी बोलला नव्हता.

रोझेटानं तो तुकडा कॉर्बिटच्या फिडलच्या पोटात सोडला आणि गज ओढला. सुराखाली सळसळ झाली. डेल्फियाचे पाय आपसूक बाकाखाली ओढले गेले, त्या दिवशी थिजले होते तेच पाय, आणि मग ठेका धरू लागले. रडता रडता तिनं देवाचे आभार मानले, रोझेटाचे मानले, त्या सापाचेही मानले.

"मावशी, आता हा तुकडा यातच राहू दे," वाजवून झाल्यावर रोझेटा म्हणाली.

"छे गं. त्यानं तुला दिलाय तो. पुढच्या वाढदिवसाला घेऊन ये." मग तिनं चाचपडत आर्विलचा हात धरला. "आणि तू मेल्या, तोवर फिडलला फडकंसुद्धा लावू नकोस."