मास्तरांच्या दुखण्याचा आकडा

मास्तर गाडी शिकवायचे. एकवीस वर्षं शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून, आपल्या पायाखालच्या जादा ब्रेकच्या जोरावर त्यांनी निम्मं शहर रस्त्यावर आणलं होतं. शिकाऊ माणसाने गाडी थेट समोरच्या ट्रकवर घातली तरी मास्तर आवाज न चढवता म्हणायचे, "आपल्याला तिकडे जायचं नाहीये." असा थंड डोक्याचा माणूस. पण गेल्या आठ महिन्यांपासून त्यांना एक साधी गोष्ट जमेनाशी झाली होती. बसणं.

दुखणं मोठं अडनिड्या जागी होतं. पुढे म्हणावं तर पुढे नाही, मागे म्हणावं तर मागे नाही; माणूस सीटला टेकतो नेमकं तिथे. जोडीला तासातासाला लघवी. हे सांगणार कुणाला आणि कुठल्या तोंडाने? म्हणून घरीदारी त्यांनी 'कंबर' असं सांगून टाकलं, आणि तिथेच फसले. बायकोने रोज संध्याकाळी कंबरेला तेल चोळायला घेतलं. मेहुण्याने पट्टा आणून दिला. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने तर आपुलकीने त्यांच्या सीटवर लाकडी फळी बसवून दिली, कंबरेला कडक चांगलं म्हणून. मास्तर त्या फळीवर दिवसाचे सात तास काढत होते आणि वर मालकाचे आभार मानत होते.

शेवटी ते गुपचूप मूत्रविकारांच्या डॉक्टरांकडे गेले. तपासण्या झाल्या, जंतू सापडले नाहीत. तरी अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, दुखणं तसूभर हललं नाही. डॉक्टर म्हणाले, हा जुनाट प्रोस्टेटायटिस, ओटीपोटाच्या तळाचं दुखणं. पुष्कळ पुरुषांना असतं, बोलत कुणी नाही. सगळ्यांना हमखास लागू पडेल असं एक औषध यावर नाही, पण नव्या उपचारांच्या ट्रायल, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्या, चालू असतात. त्यांची नोंद इंटरनेटवर असते, बघा एखादी जवळपास मिळते का.

मास्तर शोधायला बसले, म्हणजे उभे राहिले. ओट्यावर फोन ठेवून, बायको बाहेर गेल्याचं बघून. पहिल्या फटक्यात शेकडो ट्रायल निघाल्या. त्यातल्या बऱ्याचशा कॅन्सरच्या. एक फक्त बायकांसाठी. एक अगदी त्यांच्यासाठीच काढल्यासारखी, पण समुद्रापलीकडे. आणखी एक जवळच्या गावात, ती दोन वर्षांपूर्वीच संपलेली. चौथ्या दिवशी मात्र बसने पाऊण तासावरच्या एका इस्पितळातली सापडली. अटी वाचल्या: दुखणं तीन महिन्यांहून जुनं हवं, गेल्या महिन्यात अँटिबायोटिक घेतलेलं नको, आणि दुखण्याचा आकडा दहापैकी निदान चार हवा. मास्तरांनी फॉर्म भरला. खाली लिहिलं होतं, तीन वेळा फोन करू, नाही उचललात तर नाव वगळू.

दोन फोन त्यांचे चुकलेच. तिसरा आला मंगळवारी सकाळी सव्वादहाला. तेव्हा स्टिअरिंगवर एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. वय चौसष्ट, अकरावा तास. सगळे त्यांना बाई म्हणायचे, मास्तरही. फोन गाडीच्या स्पीकरला जोडलेला होता, कारण रस्ता सांगणारा नकाशा त्यावर चाले. ट्रायलच्या समन्वयक तरुणीने विचारलं, आत्ता मोकळेपणी बोलता येईल का? नाव वगळलं जाईल या धास्तीने मास्तर घाईघाईत हो म्हणाले आणि स्पीकर बंद करायचं बटण शोधू लागले. हाताला आलं ते आवाज वाढवायचं.

"वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागी गेल्या आठवड्यात दुखलं का?" गाडीभर प्रश्न घुमला.

बाईंनी समोरची नजर हलवली नाही. गाडीचा वेग मात्र बैलगाडीवर आला. मास्तर पुटपुटले, हो, जरासं. लघवी होऊन दोन तासांच्या आत पुन्हा जावं लागतं का? कधीमधी. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या.

"आणि सरासरी दुखणं? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य."

"दोन असेल," मास्तर म्हणाले.

बाईंनी आरसा पाहिला, इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला. अकरा तासांत पहिल्यांदाच हे सगळं क्रमाने झालं.

"मास्तर, सकाळपासून तुम्ही मला दोनदा पेट्रोल पंपावर थांबवलंत," त्या शांतपणे म्हणाल्या. "बत्तीस वर्षं पेपर तपासलेत मी. ज्याचं दोन दुखतं तो असा एका कुल्ल्यावर बसत नाही. खरं काय ते सांगा त्यांना. मी बाहेर उभी राहते."

त्या उतरल्या आणि समोरच्या दुकानातल्या बादल्या बघत उभ्या राहिल्या. मास्तरांनी घसा खाकरला आणि सांगितलं, सात. कधी आठ. मग समन्वयक तरुणीने शेवटचा प्रश्न विचारला: हे असंच जन्मभर राहिलं तर कसं वाटेल? हे आजवर त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी स्वतःलाही नव्हतं विचारलं.

"वाईट वाटेल," ते म्हणाले. "फार वाईट."

पुढच्याच आठवड्यात इस्पितळात बोलावणं आलं. तिथल्या डॉक्टरांनी चौदा पानी संमतीपत्र समजावलं. निम्म्या लोकांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. कुणाला काय मिळालं ते डॉक्टरांनाही कळणार नाही. व्यायाम सगळ्यांना. नको वाटलं तर केव्हाही सोडा. मास्तरांनी सही केली आणि दुखण्याचा आकडा रोज लिहायची वही घेऊन घरी आले. ती वही तिसऱ्याच दिवशी बायकोच्या हाती लागली. मग सगळं सांगावंच लागलं. दुखण्याचं तिला काही वाटलं नाही असं नाही, पण आधी राग आला तो तेलाचा.

"अहो, मग आठ महिने मी काय चोळत होते?" ती म्हणाली, आणि दोन दिवस त्यापलीकडे बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन तिने फळी काढायला लावली. मालकाला काय सांगितलं ते तिने मास्तरांना सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट म्हणाले, तळाचे स्नायू सैल सोडा. मास्तरांना ते जमेना. फिजिओथेरपिस्टनी विचारलं, शेजारचा शिकाऊ चुकला की तुम्ही काय करता? मास्तरांनी विचार केला. आवाज चढवत नाही, चेहरा बदलत नाही. मग जे काय व्हायचं ते कुठे होतं? खालीच, तळाचे स्नायू आवळून, एकवीस वर्षं. तेव्हापासून बाई गाडी मागे घेऊ लागल्या की मास्तर पोटातून श्वास सोडत. बाईंना तो निराशेचा सुस्कारा वाटायचा. म्हणून त्या मागे घेणं जिवापाड शिकल्या आणि परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाल्या.

बाराव्या आठवड्याला वहीत चार आला, एखाद्या दिवशी तीन. खरी गोळी होती की खोटी, ते ट्रायल संपल्यावर पुढच्या वर्षी कळणार. बायकोच्या मते खरीच, कारण कडू होती. मास्तरांना वाटे, व्यायामाचाच गुण असेल.

त्या रविवारी दोघं दुपारच्या खेळाला सिनेमाला गेली, कितीतरी दिवसांनी. सिनेमा सव्वादोन तासांचा आणि रटाळ होता. मध्ये मास्तर एकदाच उठून बाहेर जाऊन आले, तेव्हा बायकोने हळूच सांगितलं, काही चुकलं नाही तुमचं, हिरो अजून रडतोच आहे. अर्ध्या तासाने तीही पेंगायला लागली. मास्तर मात्र दोन्ही बाजूंनी टेकून, ऐसपैस, पडदा पांढरा होईपर्यंत बसून राहिले.