रेस दिली की रडते

"सर, मोटर बिमार आहे की तुम्हीच चालवणं विसरून गेले?"

हे मी आमच्या कोचना, संग्राम सरांना, खरंच विचारलं. क्लबमधल्या माझ्या मैत्रिणी मीनल आणि शर्मिष्ठा म्हणाल्या होत्या, ज्ञानदा आमच्यासमोर वाघीण, सरांसमोर मांजर. मागच्या वर्षीपर्यंत ते खरंही होतं. या वर्षी नाही. विचारून मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले, आणि त्या दोघी उलट्या ठेवलेल्या कयाकमागे बसून तोंड दाबून हसत राहिल्या.

सर हसले नाहीत. महादेव घाटावर आमच्या कयाकिंग क्लबची एकच मोटरबोट, तीच सेफ्टी बोट. तिच्या मागच्या फळीवर लटकणारी छोटी मोटर उघडी पडली होती आणि सरांचे हात मनगटापर्यंत काळे.

"माहीत असतं तर इथं काहून बसलो असतो? बीरगांवचा मेकॅनिक सोमवारी येतो म्हणते. निवडीची ट्रायल रविवारी. सेफ्टी बोट नाही तर एकही पोट्टी पाण्यात नाही. तुले लय समजते न? मग घे पाना."

मी घेतला. आता मागे फिरले असते तर मीनलने दिवाळीपर्यंत म्याव म्याव केलं असतं.

पण मला काळजी ट्रायलची नव्हती. माझ्या आईला खारून नदीची भीती वाटते. पप्पांनी मला कयाकिंगला घातलं तेव्हा तिने एकच अट घातली: पोट्टी पाण्यात, तर ती मोटरबोटही पाण्यात. आई शब्दाची पक्की. खंडेनवमीला घरातल्या मिक्सरची, पप्पांच्या पाना-पेचकसची, स्कूटरची पूजा झाली आणि ती ताट घेऊन थेट घाटावर आली. मोटरला झेंडूचा हार, बाजूच्या पेट्रोलच्या टाकीला हळदकुंकू, वरून अक्षता. "तुझी राखण हेच करते," म्हणाली. हेच आता बंद आहे असं तिला कळलं, तर ट्रायल सोडा, नदीच बंद.

रोग विचित्र होता. सर एकटे हळूहळू फिरले की मोटर गुणी बाळ. मी आणि शर्मिष्ठा बसलो आणि रेस दिली, की थोडं पळायची, मग घुसमटायची, खोकायची, मेली. पाच मिनिटांनी परत चालू, जसं काही झालंच नाही.

मी प्लग काढून घासला. तीच रड. पाण्याखालच्या पंख्यात जलकुंभीच्या मुळांचे धागे गुंतले होते, ते ओढून काढले. तीच रड. जुनं पेट्रोल ओतून टाकून नवं भरलं, ऑइल मोजून मिसळलं. नदीच्या मध्यात परत बंद. आम्ही वल्ही मारत काठावर आलो. शर्मिष्ठा म्हणाली, "तुझ्यापेक्षा मेकॅनिकचा सोमवार बरा."

घरी मला बसवेना. खुर्चीवरून उठ, गॅलरीत जा, परत ये. आई वड्यांची डाळ वाटत होती. रिकामा मिक्सर कसा मस्त गात होता, आणि डाळ टाकली की त्याचा आवाज घोगरा.

"काय चुळबूळ लावली गं? मुंग्या चावून राहिल्या का?"

"काही नाही," म्हटलं. पण डोक्यात लख्ख झालं. आई डाळ टाकून मिक्सरवर कान ठेवते, रिकाम्यावर नाही. मोटरचं रडणं आम्ही नीट पाहिलंच कुठे होतं? ती रडायची नदीच्या मध्यात, आणि तेव्हा आम्ही वल्ही शोधत असायचो. तिला काठावरच रडवायला पाहिजे.

शनिवारी पप्पांनी घाटावर सोडल्याबरोबर मी पळत गेले. "सर, बोट दगडाला बांधू. गिअर टाकून पूर्ण रेस. जागची हलणार नाही, पण जोर तर लावेल."

सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि जाड दोर आणला.

मोटर ओरडली, दोर ताणला, मागे पाणी उकळल्यासारखं फेसाळलं. शर्मिष्ठाने मोटर धरली, मी टाकीपाशी पालथी. टाकीपासून मोटरपर्यंत जाणाऱ्या नळीत एक रबरी फुगा असतो, दाबला की पेट्रोल पुढे सरकतं. मी पाहत होते आणि तो फुगा आपोआप चपटा होत गेला, जसं कोणी आतून गाल ओढून घेतंय. मोटर खोकायला लागली. मी फुगा दाबला. मोटर सावरली. सोडला, परत खोकली.

"पेट्रोल पोहोचून नाही राहिलं, सर."

"टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू?"

"उघडा आहे."

"मग हवा काहून नाही जात आत?"

मी अख्खं झाकणच फिरवलं. फुस्स. टाकीने जोराचा श्वास घेतला, आणि मोटरचा आवाज असा उघडला की शर्मिष्ठाने घाबरून रेस कमी केली. परत दिली. चालली. चालतच राहिली.

जेवढं पेट्रोल बाहेर, तेवढी हवा आत, नाहीतर टाकी पेट्रोल सोडतच नाही. हळू चालताना थोड्या हवेत भागायचं, जोर लावला की कोंडायची. झाकण उलटं करून मी स्क्रूखालचं बारीक भोक उजेडात धरलं. आत लाल, कडक काहीतरी. मीनलने डोकं घुसवलं. "ये तो कुंकू है. और चावल का दाना भी."

ती आईची पूजा होती. टाकीला कपाळ नसतं, म्हणून आईने झाकणावरच ठसठशीत टिळा लावला होता. सुई लागली, पण ते निघालं. मग आम्ही चौघं बोटीत बसून पुलापर्यंत गेलो आणि आलो. एकदाही खोकली नाही.

"आता चालते न?" शर्मिष्ठा म्हणाली. "मग घरी काहून सांगते? आंटी नदी बंद करतील."

रस्ताभर स्कूटरवर मी हेच चघळत होते. समता कॉलोनीच्या वळणावर पप्पांनी विचारलं, "झोप आली का? बोलून नाही राहिली." झोप नव्हती. आई बोटीवर भरवसा ठेवून होती आणि मी ती बंद असल्याचं लपवून रोज घरून निघत होते.

जेवताना सगळं सांगितलं. आईने वडा परत ताटात ठेवला.

"मोटर बंद होती, अन् तू मले नाही सांगितलं?"

"नाही सांगितलं."

"अन् ते कुंकू... मीच?"

"झाकणाच्या भोकात गेलं, आई. तांदळासकट."

पप्पा म्हणाले, "विनोदिनी, तुझी राखण जरा जास्तच घट्ट झाली." आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांनी वरणात लिंबू पिळायला घेतलं.

"उद्या नाही जायचं," आई म्हणाली. आवाज बारीक होता. "परत बंद पडली तर?"

माझा पाय टेबलाखाली हलत होता. मी तो थांबवला.

"मी उद्या उतरणार, आई. आणि रोज उतरायच्या आधी ती मोटर मीच दगडाला बांधून पूर्ण रेसवर चालवून पाहणार. खोकली, तर त्या दिवशी घरी. सरांना सांगून आले. पण उद्या उतरणार. तू आणि पप्पा सेफ्टी बोटीत बसायचं. मोटरला लोड पाहिजे."