वानरं हाकायची काठी नव्हे मी!

मी एक जुनी गोल्फची काठी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी फार रागात आहे. काठी म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी सुचतात, एक म्हातारपण आणि दुसरी वानरं. मित्रांनो, मी या दोन्हींसाठी जन्मले नाही. माझा दांडा पोलादी, मूठ रबराची आणि खालचं लोखंडी डोकं मुद्दाम तिरकं, म्हणजे चेंडू वर उचलला जातो. चेंडू मारणं हे माझं काम.

माझी पहिली वर्षं दुबईत एका साहेबाकडे गेली. एकदा त्याचा नेम चुकला आणि त्याने रागाने मला झाडावर आपटलं. चूक त्याची, पोचा माझ्या डोक्याला! वर मलाच टाकून दिलं. त्या मैदानावर गवत कापायला पालीजवळच्या गावातला गुरुप्रसाद होता. त्याने साहेबाला विचारून मला उचललं, एका मोज्यात जुने चेंडू भरले आणि सुट्टीला येताना घरी आणलं.

घरी त्याच्या वडिलांनी, आत्मारामांनी, मला हातात तोलून बघितलं आणि म्हणाले, "बरी हाय. वानरांना होईल." झालं! आंब्याच्या बागेत मी पत्र्याचा डबा बडवत फिरू लागले. वानरंसुद्धा मला भीत नव्हती, दात विचकून दाखवायची.

गुरुप्रसादची आई विमला. तिने जन्मभर डोक्यावरून शेणखत वाहिलं, पाणी वाहिलं, घर बांधताना जांभ्याचे चिरे वाहिले. शेवटी मणक्याने हात टेकले. कोल्हापुरात ऑपरेशन झालं, पाठीत स्क्रू बसले. ती घरी आली तेव्हा मी पडवीच्या कोपऱ्यात उभी होते. बघायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "आता सांभाळून हो. आता काय, बसून खायचं." माझं डोकंच फिरायचं! ती चिरे वाहत होती तेव्हा एकाने तरी 'सांभाळून' म्हटलं होतं का?

रत्नागिरीत तिला व्यायाम शिकवणारी नबीला म्हणाली, रोज चाला. विमला वैतागली. "डोक्यावर काय नाय, हातात काय नाय, कुठं जायचं तेपण नाय. वेड्यासारखं नुसतं चालू?"

गुरुप्रसाद फोनवरून हसत म्हणाला, "आई, माझी काठी घे. चेंडू मार आणि त्याच्या मागून जा."

नबीलाने लगेच होकार दिला नाही. पाठीतलं हाड जुळून आलं, नवे एक्स-रे काढले, डॉक्टरांना विचारलं, तेव्हा कुठे म्हणाली, "हळू मारा, काकी. कमरेतून पिळायचं नाही, वाकायचं नाही."

भाताची कापणी होऊन मळा मोकळा झाला होता. विमलाने तिथे चेंडू पाडायला रंगाचा रिकामा डबा पुरून घेतला. वाकायचं नव्हतं, म्हणून चेंडू उचलायला आंबे उतरवायचा लांब दांड्याचा, जाळीचा झेला घेतला. साडी खोचली, गुरुप्रसादचे जुने बूट चढवले आणि मला धरलं. पहिला चेंडू हातभर गेला. ती खुदकन हसली. मी तर धन्य झाले! रोज मारायची, रोज चेंडूमागून जायची, आणि तिची चाल सुटी होत गेली. बांधावरून कुणीतरी ओरडला, "काकी, ऑपरेशन पाठीचं की डोक्याचं?"

"तुझ्या डोक्याचं राहिलंय, तेवढं करून घे!" विमला म्हणाली. शाब्बास!

पण एका संध्याकाळी ती पाठ धरून घरी आली. नबीलाने बघून सांगितलं, स्नायू आखडलाय, दोन दिवस शेकवा. आत्माराम मात्र हटून बसले. "बंद कर गो हे. नायतर देवीला कौल लावू. देवी सांगेल ते खरं." विमला कबूल झाली, कारण गावदेवीचा कौल गावात कुणी मोडत नाही. देवळाच्या पायऱ्या तिला अजून चढवत नव्हत्या, म्हणून आत्माराम एकटेच मला घेऊन गेले.

सखाराम गुरवाने मला देवीपुढे ठेवलं. देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, "विमलाने ही काठी चालवायची असेल तर उजवा दे, माये." उजवी पाकळी टपकन पडली. माझ्या डोळ्यांदेखत पडली, मित्रांनो!

आणि हा गृहस्थ घरी येऊन बायकोला म्हणाला, "डावा लागला."

खोटारडा! मी मनात किती किंचाळले, पण मला तोंड कुठे आहे? मला माळ्यावर फाटक्या जाळ्यांत फेकलं. खाली विमला गप्प गप्प झाली. चालणं सुटलं. भिंतीला धरून उठू लागली. मी वरून सगळं ऐकत होते आणि गंजत होते.

एके सकाळी ती कुणाला न सांगता बाहेर पडली. उन्हं वर आल्यावर परतली ती अंगणातूनच ओरडत. "अवो! पायरी-पायरीला बसत देवळात गेले. म्हटलं, माझं काय चुकलं ते देवीलाच विचारते. सखारामदादा म्हणतात, उजवा लागलेला!"

आत्मारामांनी तिला आधी पडवीत बसवलं. मग म्हणाले, "कोल्हापुरात ऑपरेशनच्या दाराबाहेर मी बसलेलो, विमल. परत बसायची ताकद नाय माझ्यात."

"मग भीती वाटते म्हणून सांगायचंत! मी भांडले असते, पण ऐकलं असतं. देवीच्या तोंडी खोटं कशाला घातलंत? तुमच्या भीतीपायी मी परत भिंतीला लागले!" विमला म्हणाली. "काढा ती काठी. मला माळ्यावर चढता येत नाय."

त्यांनी मला उतरवलं. त्यांच्या पायावर दणकन पडायची माझी फार इच्छा होती, पण त्यांनी घट्ट धरलं होतं. खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी माझा गंज पुसला.

आता विमला पुन्हा मळ्यात जाते, आणि झेला घेऊन मागून आत्माराम. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची आवडती वस्तू काळजीपोटी माळ्यावर टाकली असेल, तर ती आजच खाली काढा. भीती वाटत असेल तर भीती वाटते म्हणा, देवाला मध्ये घालू नका. विमलाने नवऱ्याला केव्हाच माफ केलंय. मी नाही. मी त्यांच्याशी अजून बोलत नाही, आणि बोलता येत असतं तरी बोलले नसते.